माडीवरची खुर्ची

“मेलं! परत मेलं!”

मी एवढ्या जोरात ओरडले की खाली गोठ्यातली म्हैससुद्धा दचकली असेल. कानात अमेरिकेतला एक डॉक्टर कुणा म्हाताऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगत होता. त्याचं सांगून झालं, माझं टाइप करून झालं, फाइल पुण्याला पाठवायला म्हणून बटण दाबलं आणि पडदा निळा झाला. सगळा निळा, त्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं, आणि त्या अक्षरांत वायरलेस कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, म्हणजे ड्रायव्हरचं, तेच ते नाव. ते नाव आता मला नवऱ्याच्या नावासारखं पाठ झालं होतं. उखाण्यात घ्यायचं तेवढं बाकी होतं.

“काय झालं गं?” खालून सासूबाईंनी विचारलं.

“काय न्हाय आत्ती! मढं गेलं ह्या मशीनचं!”

“शिव्या देऊ नगंस त्येला. भाकरी हाय ती तुझी.”

भाकरी! मी हेडफोन टेबलावर आपटला. भाकरी करपली तर निदान दुसरी थापता येते.

साल २००८. मी अनुजा, बी.एस्सी. झालेली, शिरोळात दिलेली. नवरा यशराज, स्वतःचा ट्रॅक्टर, हंगामात उसाची वाहतूक. लग्नानंतर मी कोल्हापुरात एका क्लासला जाऊन मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन शिकले. म्हणजे तिकडचे डॉक्टर रोग्याबद्दल जे बोलतात ते ऐकायचं आणि जसंच्या तसं टाइप करून द्यायचं. पुण्याच्या एका कंपनीनं घरबसल्या काम दिलं. रात्रीतून आवाजाच्या फाइली यायच्या, दुपारपर्यंत त्या लिहून परत पाठवायच्या. उशीर झाला तर तिकडं कुणाचा तरी उपचार अडतो, असं कंपनीतल्या अक्षता मॅडम फोनवर सारखं बजावायच्या.

मशीन माडीवर ठेवलेलं. खाली टीव्ही, येणारे-जाणारे, भांड्यांचा दणदणाट. तिथं त्या डॉक्टरांचं तोंडातल्या तोंडात बोललेलं इंग्रजी काय कपाळ ऐकू येणार? टेलिफोन मात्र खाली सोप्यात. आधी सोप्यातून माडीवर वायर ओढली होती, ती उंदरांनी खाल्ली. दुसरी ओढली, तीही खाल्ली. ऊसतोड सुरू झाली की रानातले उंदीर आमच्याकडं राहायला येतात. मग कोल्हापुरात राजारामपुरीत प्रसेनजीतचं दुकान आहे, ज्यानं हे मशीन जोडून दिलं होतं, तो म्हणाला, “वैनी, वायरीचा नादच सोडा. खाली वायरलेसचा डबा लावू, वर मशीनमधी कार्ड बसवू. हवेतनं येऊ दे इंटरनेट. हवा काय उंदीर खात न्हाईत.”

दिवाळीपर्यंत सगळं झकास चाललं. सासूबाईंना तर त्या मशीनचं माझ्यापेक्षा कौतुक. यशराजनी जयसिंगपुरातून फिरती खुर्ची आणली, त्या दिवशी त्यांनी खुर्चीला हळदीकुंकू लावलं. मी म्हटलं, “बसा की आत्ती.” तर म्हणाल्या, “नगं गं बाई, मी गरगरून पडंन.” आणि जिन्याच्या तोंडाशी फतकल मारून बसल्या माझ्याकडं बघत. आत्तींचा, म्हणजे चिमणाबाईंचा, सगळा जन्म भांगलणीत गेला. वाकून वाकून कंबर अशी झाली होती, की रस्त्यानं चालतानासुद्धा काहीतरी वेचत चालल्यात असं वाटायचं. बराच वेळ बघून झाल्यावर त्या म्हणाल्या, “मला कवा कोण रानातनं उठवून खुर्चीवर बसीवलं न्हाय. तू बसलीयास. आता काय बी होऊ दे, उठू नगंस.”

मला त्या वेळी हसू आलं. खुर्चीवरून उठू नको म्हणजे काय, जेवायलासुद्धा?

गल्लीत त्यांनी भलतंच पसरवलं होतं. शेजारच्या बायडाबाईंना सांगताना मी स्वतः ऐकलंय. “आमची सून लिवत न्हाय तवर अमेरिकेत पेशंटला गोळी द्येत न्हाईत.” एकदा मला विचारलं, “व्हय गं, ही तुझी अक्षरं हितनं अमेरिकेला जात्यात ती कुठनं जात्यात?” मी मशीनच्या पाठीमागं आलेली बोटाएवढी काळी दांडी दाखवली. म्हटलं, “ह्या दांडीतनं, आत्ती. हिच्याखाली कार्ड हाय, ते धाडतंय.” त्यांनी त्या दांडीला हात लावून नमस्कार केला. मी परत हेडफोन चढवला.

दर बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, आत्ती नृसिंहवाडीला जायच्या. जाताना चालत, येताना वडापच्या जीपमधून. गुडघे कुरकुरायचे, पण खंड नाही. येताना कवठाची बर्फी आणि पुडीत दत्ताचा अंगारा. आधी म्हशीला लावायच्या, मग ट्रॅक्टरला, मग ट्रॅक्टरवाल्याला. मग धापा टाकत माडीवर यायच्या आणि चिमूट पुढं करायच्या. मी मान मागं घ्यायची. “आत्ती, नको. घामानं डोळ्यांत उतरतंय. काम चाललंय बघा.” त्या चिमूट तशीच धरून थोडा वेळ उभ्या राहायच्या. मग मी टाइप करायला लागायची आणि त्या कधी खाली जायच्या ते मला कळायचंही नाही.

दिवाळी झाली आणि मशीनला काय झालं देव जाणे. चालता चालता इंटरनेट गायब. मशीन म्हणायचं कार्डच नाही. बंद करून चालू केलं की म्हणायचं आहे. मग पाच-दहा मिनिटांत निळा पडदा. प्रसेनजीतला फोन केला. मोबाइलला रेंज फक्त खिडकीत, आणि मशीन दुसऱ्या कोपऱ्यात. तो म्हणायचा, “वैनी, डिव्हाइस मॅनेजरमधी जावा.” मी खिडकीतून पळत जाऊन उघडायची, परत पळत येऊन सांगायची, “पिवळं चिन्ह आलंय!” तो म्हणायचा, “ड्रायव्हर काढून टाका, सीडीवरनं परत टाका.” मी काढायची, टाकायची. नवीन काढून जुना टाकला, जुना काढून त्याच्याहून जुना टाकला. वीज वाचवायची कसलीशी खूण केलेली होती, ती काढली. शेवटी विंडोजच पुसून पहिल्यापासून टाकलं. दोन दिवस बरं चालायचं. की झालंच परत सुरू.

यशराज रात्री उसाच्या पाचोळ्यानं भरून घरी यायचे. मी म्हणायची, “आज परत ड्रायव्हर पडला.” ते भाकरी मोडत म्हणायचे, “काढून टाक त्येला. मी दुसरा बघतो.” आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसायचे. मला असा राग यायचा! माझा जीव चाललाय आणि ह्यांना थट्टा सुचते.

“परत वायर तरी ओढून द्या,” मी म्हणायची.

“हंगाम संपू दे. आता मला मरायला सवड न्हाय.”

म्हणून एका बुधवारी मीच ते मशीन चादरीत गुंडाळलं आणि एसटीनं कोल्हापूरला निघाले. मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, “काय हाय ह्यात, पावणं?” म्हटलं, “कॉम्प्युटर.” तो म्हणाला, “आजारी हाय व्हय? मग खिडकीकडंला धरा, वारं लागू दे.” अख्खी एसटी हसली. हातकणंगल्यापर्यंत मी कुणाकडं बघितलंही नाही.

प्रसेनजीतचं दुकान म्हणजे एक लांबुळकी खोली. काउंटरवर छोटी बुद्धमूर्ती, बाकी सगळीकडं उघडी पडलेली मशीनं. तो तिशीचा, शांत, कधी आवाज न चढवणारा. त्याचा तो शांतपणाच मला चीड आणायचा. त्यानं मशीनचं झाकण उघडलं आणि पहिल्यांदा ब्लोअर मारला. भसकन राखेचा लोट उठला. तो ठसकत म्हणाला, “वैनी, कारखान्याचं धुराडं किती लांब हाय तुमच्यापासनं?”

“दिसतंय की माडीवरनं.”

“मग ही त्याचीच राख. हंगामात शिरोळच्या सगळ्या मशीनांत अशीच निघती. खिडकी लावून काम करत जावा.”

त्यानं कार्ड काढलं, पुसलं, बसवलं, ड्रायव्हर टाकला आणि लावून दिलं. मी समोरच्या स्टुलावर दिवसभर बसून राहिले. मशीन मेलं नाही. एकदासुद्धा नाही! माझ्या घरी मिनिटामिनिटाला जीव देणारं ते सोंग तिथं गुणी बाळासारखं चालत होतं.

“बघा, काय सुदिक न्हाय,” प्रसेनजीत म्हणाला.

“म्हणजे मी खोटं बोलतीय?”

“तसं न्हवं वैनी.”

“मग कसं? मला काय हौस आलीय मांडीवर हे धोंडं घेऊन हिंडायची?”

दुसरं नवीन कार्ड काढून त्यानं जुन्याच्या जागी बसवलं. म्हणाला, “हे न्हेऊन बघा. आता काय अडचण यायची न्हाय.”

घरी आणलं, लावलं, चाललं. गुरुवारीही चाललं. मी खिडकी घट्ट लावून घामाघूम होत काम केलं. आत्ती वाडीहून आल्या, माडीवर डोकावल्या. “चालतंय न्हवं?” मी न वळताच म्हणाले, “चालतंय!” “बघ, दत्त म्हाराजांची किरपा,” त्या म्हणाल्या. आणि शुक्रवारी सकाळी नवीन कार्ड, नवीन ड्रायव्हर, नवीन विंडोज, सगळ्यांनी मिळून मला निळा पडदा दाखवला.

मी रडले. सांगायला लाज कसली? खुर्चीवर बसून, हेडफोन गळ्यात, ओठ चावत रडले. त्या दिवशी फाइली सीडीवर भरल्या आणि वडापनं जयसिंगपूर गाठून सायबर कॅफेतून पाठवल्या. वेळेत पाठवल्या. वाटलं, सुटले. तर अक्षता मॅडमचा फोन.

“अनुजा, फाइली कुठून पाठवल्यास?”

“कॅफेतून, मॅडम. घरचं नेट...”

“अगं, पेशंटची माहिती असते त्यात! चार लोकांच्या मशीनवरून ती पाठवायची नाही, हे तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. परत असं केलंस तर मला काहीच करता येणार नाही.” मग जरा थांबून, आवाज खाली घेऊन त्या म्हणाल्या, “हे बघ, तुझं टाइपिंग चांगलं आहे. पण तिकडं मंदी आहे, वरचे लोक कमी करायला कारणच शोधतायत. पुढच्या शुक्रवारचं काम दुपारी बारापर्यंत तुझ्या घरच्या मशीनवरून आलं पाहिजे. आता माझ्या हातात एवढंच आहे.”

आता ऐकणाऱ्याला वाटेल, एवढं काय त्या नोकरीत? एवढंच, की त्या माडीवर गेल्यावर मी कुणाची सून नव्हते, कुणाची बायको नव्हते. तिथं डॉक्टर बोलायचा आणि मी लिहायची, आणि मी लिहीन ते त्या पेशंटच्या कागदावर कायमचं उतरायचं. एकदा एका डॉक्टरनं डाव्या पायाऐवजी उजवा म्हटलं होतं आणि मी खाली टीप टाकून विचारलं होतं. तिकडून उत्तर आलं, आभार मानलेलं. ते मी यशराजना वाचून दाखवलं, आत्तींना मराठीत सांगितलं. आत्तींनी त्या दिवशी गोडाचं केलं. मला ती खुर्ची सोडायची नव्हती. कशासाठीही सोडायची नव्हती.

तो आठवडा मी मशीनला हात लावतानासुद्धा भीत होते. सोमवारी प्रसेनजीतनं फोनवरून परत ड्रायव्हर टाकून घेतला. बुधवारपर्यंत रडतखडत चाललं. मी हात जोडून त्याला म्हटलं, “शुक्रवारी सकाळी तू इथं पाहिजेस. दुकान बंद ठेव, काय बी कर.” तो म्हणाला, “येतो वैनी. संगं लांब वायर बी आणतो. अगदीच न्हाय जमलं तर शेवटाला वायरच ओढू.”

गुरुवारी आत्तींचा वाडीचा दिवस. त्या दिवशी त्यांचे गुडघे फार सुजले होते. यशराज म्हणाले, “आई, आजच्या दिवस ऱ्हाऊ दे की.” त्या म्हणाल्या, “आज तर जायालाच पायजे. पोरीचं उद्या काम हाय. येतो गं अनुजा.” आणि गेल्या, चालत. मी खिडकीतून बघितलंसुद्धा. रस्त्याकडेनं उसाच्या गाड्यांना वाट देत देत चालल्या होत्या. मला तेव्हा त्यांचं काही सुचतच नव्हतं, मला उद्याची धास्ती.

शुक्रवारी सकाळी सगळ्या फाइली लिहून तयार होत्या. पाठवायला घेतल्या. पहिली गेली. दुसरीला निळा पडदा. चालू केलं, आता कार्डच दिसेना. परत चालू केलं, दिसेना. ड्रायव्हर टाकला, तर मशीन म्हणे, कार्ड आधी बसवा! अगं बाई, बसलेलंच आहे की तुझ्या पोटात! मी त्या मशीनला लाथ मारली. खरंच मारली. अंगठा सुजला.

तेवढ्यात प्रसेनजीत मोटरसायकलवरून आला. हेल्मेट काढायच्या आधी जिना चढला. मशीन उताणं करून त्यानं झाकण उघडलं, आणि या वेळी ब्लोअर आणला नव्हता म्हणून बरं झालं, की वाईट झालं, कोण जाणे. त्यानं कार्डावरची राख बोटावर घेतली. चोळली. खिडकीच्या उजेडात धरली. मग नाकाशी नेली.

“वैनी, ही कारखान्याची न्हाय.”

“मग?”

“कारखान्याची काळी असती, हाताला चिकाट लागती. ही पांढरी हाय. आणि हिला कापराचा वास हाय.” त्यानं कार्ड ओढून काढलं. त्याच्या कडेच्या सोनेरी दातांच्या फटींत ती पांढरी भुकटी दाबून बसली होती, आणि काही ठिकाणी ओली होऊन दगडासारखी झाली होती. त्याखाली दात हिरवे पडले होते. बाकी मशीनमध्ये जेमतेम धूळ. राख सगळी एकाच जागी, दांडीच्या बुडाशी, कार्डावर. “वर कधी धूप-बिप लावताय काय?”

मी काही बोलायच्या आत जिन्यावर बांगड्या वाजल्या. आत्ती चहा घेऊन आल्या. मशीन उघडं बघून त्यांचा चेहरा उजळला.

“सापडला व्हय अंगारा? मीच टाकलाय की.” त्यांनी कप खाली ठेवले आणि पदर सावरत माझ्याकडं बघितलं, अगदी कौतुकानं. “दर बेस्तरवारी टाकतो. तू लावून घेत न्हाईस कपाळाला, मग म्हटलं, हितनं तुझी अक्षरं जात्यात न्हवं, त्या दांडीच्या फटीतनं सोडावा. न्हाईतर कुणाची दिष्ट लागंल. काल जरा तीर्थात कालवूनच सोडला. तुझं आजचं काम मोठं हाय म्हणून.”

काल. तीर्थात कालवून. माझ्या डोक्यात एकदम सगळे गुरुवार-शुक्रवार ओळीनं उभे राहिले. दिवाळीपासूनचे सगळे. तीच चिमूट, जी माझ्या कपाळावरून मागं गेली होती, ती तिथं पडत होती. माझ्या अंगाचा भडका उडाला. तोंड उघडलं, आणि मला ठाऊक आहे माझ्या तोंडातून काय निघणार होतं. एवढ्यात आत्ती गुडघ्यावर हात ठेवून जिन्याच्या तोंडाशी खाली बसल्या. बसताना त्यांच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला, कुणाला ऐकू जाऊ नये असा.

मी प्रसेनजीतकडं वळले.

“तुला काय अक्कल हाय का न्हाय?” मी ओरडले. “इतक्या येळा उघडलंस, इतक्या येळा पुसलंस! ड्रायव्हर टाका, ड्रायव्हर काढा! माझं वाटोळं झालं, कळतंय काय तुला? सगळं तुझ्यामुळं! तुझ्यामुळं झालंय हे!”

प्रसेनजीतनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आत्तींकडं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मावशी, हे काय करून ठेवलंत. त्याच्या घरात ना अंगारा, ना नवस. त्याला तर म्हणायला कसली आडकाठीच नव्हती. त्यानं मान खाली घातली.

“व्हय वैनी. चुकलं माझं. ड्रायव्हर मीच चुकीचा टाकलता.”

“लक्ष देऊन काम करत जा की रं बाबा,” आत्ती त्याला म्हणाल्या. “तिची नोकरी हाय ती. अमेरिकेचं काम हाय. च्या घे.”

“व्हय आज्जी.”

त्यानं चहा घेतला नाही. पिशवीतून वायर काढली आणि भराभर जिन्यावरून खाली सोडली. सोप्यातल्या डब्याला जोडली, वर मशीनच्या मागं जोडली. इंटरनेट आलं. एकही निळा पडदा नाही, काही नाही. मी फाइली पाठवायला बसले. एक गेली, दोन गेल्या, तीन गेल्या, सगळ्या गेल्या. पण खालच्या घड्याळाचे बाराचे ठोके पडून गेले होते, ते मी ऐकले होते.

फोन आला तेव्हा मी खिडकीत उभी राहून बोलले. अक्षता मॅडम रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, “मी सांगून बघितलं, अनुजा. पण त्यांनी तुझं काम दुसऱ्या मुलीला दिलं. मनाला लावून घेऊ नकोस.” मी म्हटलं, “नाही मॅडम.” आणि कारखान्याच्या धुराड्याकडं बघत राहिले. बिचाऱ्या त्या धुराड्याला उगाच इतके दिवस नावं ठेवली.

प्रसेनजीत जाताना कार्डावरची राख कागदावर झटकत होता. पुडी बांधून त्यानं ती माझ्यापुढं धरली. “वैनी, हे कुठं ठिवू? टाकून कसं देऊ?” मी ती पुडी घेतली आणि टेबलाच्या खणात ठेवली. तो खाली गेला, मोटरसायकलला किक मारली. माझी त्याला वर बघून ‘जपून जा’ म्हणायचीही हिंमत झाली नाही.

रात्री यशराजना सगळं सांगितलं. ते पायांवरचा पाचोळा झटकत बसले. मग म्हणाले, “आईला सांगू नगंस.”

“मी काय सांगतीय?” मी म्हटलं. “पण तुम्ही वायर ओढली असती तर!”

पहाटे उठून ते उसाच्या गाडीला गेले.

मी मशीनवर जुन्या साडीचा तुकडा टाकून ठेवला. मग बेस्तरवार आला. त्या वाडीला गेल्या, आल्या, म्हशीला अंगारा लावला, ट्रॅक्टरला लावला. जिना चढताना त्यांची धाप मला खालपासून ऐकू येत होती. मी खुर्चीवर नव्हते. माडीवरच सतरंजी टाकून तांदूळ निवडत होते.

“हे का झाकून ठिवलंस?”

“काम संपलं, आत्ती.”

“संपलं म्हंजे?”

“म्हणजे सोडलं मी.”

“का?”

मी ताटातला खडा शोधत राहिले. “कंटाळा आला. मान दुखाय लागली बसून बसून.”

आत्तींनी माझ्याकडं असं बघितलं, जसं त्यांनी मला लग्नापासून कधीच बघितलं नव्हतं.

“मान दुखाय लागली?” त्या म्हणाल्या. “बसून? अगं, जलमभर वाकून आमची कंबर मोडली, आम्ही कवा म्हटलं दुखती म्हणून? आयतं खुर्चीत बसायला मिळालंतं, पंख्याखाली. मी ह्या गुडघ्यानं दर बेस्तरवारी वाडी गाठली कुणासाठी? सांगितलंतं तुला, उठू नगंस. उठलीसच व्हय? हातातलं असलं काम सोडतं व्हय कोण? शिकल्याली माणसं तुमी, तुमास्नी कष्टाची किंमतच न्हाय!”

मी कुणाचा शब्द खाली पडू देणारी बाई नाही. माहेरी, सासरी, एसटीत, बाजारात, कुठंही विचारा. त्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही. त्या बोलत राहिल्या आणि मी ऐकत राहिले. निवडलेले तांदूळ परत ताटात ओतून परत निवडायला घेतले.

बोलून दमल्यावर त्या भिंतीला हात टेकून उभ्या राहिल्या. चिमूट तशीच बोटांत होती. मग साडीचा तुकडा बाजूला करून त्या मशीनच्या पाठीमागं वाकल्या, त्या दांडीकडं.

“आत्ती,” मी म्हटलं.

“काय?”

“तिथं नको.” मी ताट बाजूला सारलं, कपाळावरचे केस मागं घेतले आणि त्यांच्यापुढं मान वाकवली. “मला लावा.”

मग त्यांचा खरबरीत अंगठा माझ्या कपाळावर टेकला आणि दाबून वर ओढला गेला. राख डोळ्यांत उतरली, चुरचुरली. मी पुसली नाही.